येणं-जाणं कंपनीच्या खर्चानं

मेलच्या शेवटी एक ओळ होती. थर्ड एसीचं येण्या-जाण्याचं भाडं, शहरातला प्रवास बिलाप्रमाणे, राहायची सोय कंपनीच्या गेस्ट हाउसवर. पगाराच्या आकड्यापेक्षा ही ओळ मी जास्त वेळा वाचली.

त्याला कारण आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, माझी सोळा वर्षं गेली. मधल्या काळात तीन-चार ठिकाणी मुलाखती दिल्या, सगळ्या पदरमोड करून. एका कारखान्यानं तर मला तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी चार तास बाकड्यावर बसवलं आणि 'साहेब बाहेर गेलेत, पुढच्या आठवड्यात या' असं गेटवरच्या वॉचमननं सांगितलं. तेव्हा कोइमतूरची एक पंप कंपनी मला ओळखत-पाळखत नसताना भाडं देते म्हणाली, याचंच मला अप्रूप.

दादा एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. त्यांना सांगितल्यावर पहिला प्रश्न, "जायाचंच देत्यात का यायचंबी?" दोन्हीचं, म्हटल्यावर थोडा विचार करून म्हणाले, "म्हंजे परत पाठवायचीबी तयारी हाय त्यांची."

बुधवार

रजेसाठी मामाच्या मुलाचं लग्न काढलं. तुळशीचं लग्न उरकलं की कोल्हापूरच्या कारखान्यांत मामाची मुलं फार कामाला येतात. आमच्या मॅनेजरनं अर्जावर सही करताना "मामा किती आहेत रे तुला?" एवढंच विचारलं.

दादांनी मोबाइलवरचं तिकीट मान्य केलं नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणायला लावलं, चारही गाड्यांचं, दोन-दोन प्रती. त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्या आणि पाकीट स्वतःच्या हातानं बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. "तिकिटं जपून ठिव. तिकीट न्हाय तर पैसा न्हाय."

दुपारच्या पॅसेंजरनं मिरजेला निघालो. रुकडीजवळ पंचगंगा, जयसिंगपूर सोडल्यावर कृष्णा. दोन्ही काठांवर ऊसतोड चालू होती. ही पॅसेंजर आमच्या जिल्ह्याची घरगुती गाडी आहे. लोक तिच्यात भाजी निवडत बसतात. तिचं चिटुकलं तिकीटही मी पाकिटात सरकवलं. मग वाटलं, एवढ्याचं काय मागायचं? पण दादांचा आवाज डोक्यात होताच.

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र येत. बंगळूरला जायचं तर मीटरगेज. आता सगळं एकाच मापाचं झालंय आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारी निघून सकाळी बंगळूरला पोचवते.

माझ्यासमोरच्या बर्थवर एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं, आणि सीटखाली चिवडा-लाडवांचे डबे, शेंगांचं पोतं, बाजरीच्या पिठाची पिशवी. कुडचीचा कृष्णेवरचा पूल ओलांडेपर्यंत गृहस्थ गप्प होते. मग बूट काढून मांडी घातली आणि म्हणाले, "काय पाव्हणं, कुठवर?"

कोइमतूर म्हटल्यावर ते हसलेच. तेही कोइमतूरलाच निघाले होते. गाव विट्याजवळचं, धंदा गलाईचा.

खानापूर-आटपाडीकडची ही माणसं भारतभर पसरली आहेत, हे आपल्याकडे ऐकून सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्ष गाठ क्वचित पडते. पावसानं पाठ फिरवलेल्या त्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या लोक बाहेर पडले आणि गावोगावच्या सराफ बाजारांच्या मागच्या बोळांत भट्ट्या लावून बसले. जुने दागिने गाळायचे, तेजाबानं चांदी-तांबं वेगळं काढायचं, टंच, म्हणजे सोन्याचा कस, बघायचा. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ते विकत घेतात, कारण त्या केरात कणाकणानं सोनं असतं. या गृहस्थांच्या वडिलांनी कोइमतूरच्या राजा स्ट्रीटच्या मागं खोली घेतली, तेव्हा त्यांना तमिळचं अक्षरही येत नव्हतं. आता मुलं आपसात तमिळमध्ये भांडतात, आणि आईनं डोळे वटारले की मराठीत येतात.

मी फाउंड्रीतला आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद. "म्हंजे आपण एकाच जातीचं. वितळवायचं. तुमी टनात, आमी गुंजेत." मग बेळगाव येईपर्यंत आम्ही मूस आणि लाडल, म्हणजे त्यांचं सोनं वितळवायचं नि आमचं लोखंड ओतायचं भांडं, यांच्यावर बोललो. त्यांची मूस मुठीत मावते, आमचा लाडल क्रेननं उचलावा लागतो. पण धातू ओतताना श्वास रोखायची सवय दोघांनाही.

"गावाकडं आता टेंभूचं पाणी आलंय," ते म्हणाले. "डाळिंबं लागली. पोरं म्हणत्यात, माघारी जाऊया. पण माघारी जाऊन मी करू काय? मला नांगर धरता येत न्हाय." कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं त्या माळावर चढवलंय, तेही पंपांनीच. माझ्या डोक्यात त्या दिवशी पंपाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

बायकोनं दिलेला डबा उघडला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वहिनींनी त्यांच्यातला बाजरीचा उंडा दिला. जेवणाचं बिल असं काही झालंच नाही. हुबळीच्या आधीच झोप लागली.

गुरुवार

बंगळूरला सकाळी उतरलो. कोइमतूरकडची सकाळची गाडी निघून गेली होती, आमची उदय एक्स्प्रेस दुपारी सव्वादोनला. विटेकर मंडळी नातेवाइकांकडे गेली, कारण बंगळूरच्या सराफ पेठेतही त्यांचा मावसभाऊ आहेच. मी बॅग क्लोकरूममध्ये टाकली, वीस रुपये दिले, वेटिंग रूममध्ये आंघोळ केली आणि मॅजेस्टिकच्या बाजूला निघालो.

उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलात इडली-वडा घेतला. कूपन काढून काउंटरवर द्यायचं, ताटली घ्यायची, गोल टेबलाशी उभं राहायचं. बिल मागू का, असा विचार आला. मागं वीस माणसं रांगेत होती. आपण 'भैया, बिल मिलेगा?' म्हणायचं, आणि तेही साठ-सत्तर रुपयांचं! तोंडातून शब्द फुटला नाही.

दुसऱ्याच्या पैशानं प्रवास करताना मी घरच्यापेक्षा जास्त काटकसर करतो, हे मला तिथं कळलं. स्वतःचे पैसे असते तर दुसरी कॉफी घेतली असती. कंपनीचे म्हणून घेतली नाही. शिवाय बिलही मागितलं नाही, म्हणजे ती पहिली कॉफी अखेर माझ्याच पैशांची. या हिशोबाला काय म्हणावं?

उदय एक्स्प्रेस डबलडेकर आहे. मला खालच्या मजल्यावरची सीट मिळाली. खिडकी थेट फलाटाच्या उंचीला, त्यामुळे प्रत्येक स्टेशनात जगाच्या चपला तेवढ्या दिसतात. कुप्पम गेलं, सेलम आलं, अंधार पडायला लागला. इरोडला हळदीची पोती डोळ्यांपुढं आली. आमची सांगली आणि हे इरोड, दोन्ही हळदीची मोठी पेठ. दोघींच्याही हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. सांगलीचा व्यापारी इरोडचा भाव विचारल्याशिवाय बोलत नाही, असं ऐकून होतो. आता ते स्टेशन नुसतं दिव्यांच्या उजेडात सरकून गेलं. मग तिरुपूर, सगळ्या देशाच्या बनियनचं गाव.

कोइमतूरला रात्री नऊ वाजून गेले. गेस्ट हाउसपर्यंत रिक्षा केली. रिक्षावाले काका साठीचे, कपाळावर विभूती, हिंदीचा गंध नाही. बोटांनी एकशेऐंशी दाखवले. मी मान डोलावली. पोचल्यावर खिशातून कागद-पेन काढलं आणि खुणेनं सांगितलं, लिहून द्या. त्यांना आधी काही कळेना. मग "ऑफिस? ऑफिस!" म्हणत त्यांनी बॉनेटवर नाही, सीटवर कागद ठेवून, चष्मा लावून, चार ओळी तमिळमध्ये लिहिल्या आणि खाली झोकदार सही केली. एकशेऐंशी हा आकडा तेवढा मला वाचता आला. कागद दादांच्या पाकिटात गेला.

शुक्रवार

मुलाखत दहाला होती. साडेनऊला गाडी न्यायला आली. पावसाची भुरभुर चालू होती. आमच्याकडे नोव्हेंबरात असा पाऊस पडला तर ऊसवाले शिव्या घालतात. इथं ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच खरा पावसाळा.

समोर तिघं. एचआरच्या एक बाई, एक माझ्याच वयाचे मेथड्सचे, म्हणजे ओतकामाची पद्धत ठरवणारे गृहस्थ, आणि प्लँटचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे, हाताला जुन्या भाजल्याचा डाग. तो डाग पाहून मला जरा बरं वाटलं. सुरुवातीला नेहमीचेच प्रश्न झाले. सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर काम केलंय का, याला मी सरळ नाही म्हणालो. आमच्या मालकांनी डेमो दोनदा पाहिला, घेतलं नाही.

मग प्रमुखांनी टेबलाखालून एक कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, काढून माझ्यापुढं ठेवलं. मोनोब्लॉक पंपाचं व्हॉल्यूट केसिंग, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखं असतं ते. मशीनिंग झालेलं, आणि आतल्या बाजूला मसुराएवढी चार-पाच भोकं. "काय दिसतं?" एवढंच.

मी ते खिडकीकडे नेलं. बोटाची नखं भोकाच्या कडेवरून फिरवली. मोबाइलचा दिवा आत धरला. भोकाची आतली भिंत गुळगुळीत होती, चकाकत होती. लोखंड आकसून पोकळी पडली असती तर भिंत खडबडीत, दाणेदार दिसली असती, आणि ती जाड भागात, सांध्याजवळ असती. ही भोकं तर कोअरला, म्हणजे आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात त्या वाळूच्या गाभ्याला लागून, एकाच बाजूला. म्हणजे गॅस. आणि गॅस कोअरमधून आलेला.

"कोअरला वॉश पाण्यातला लावता का?" मी विचारलं. वॉश म्हणजे कोअरवरचा लेप. हो म्हणाले. "ओव्हनमधून काढल्यावर कोअर किती वेळ पडून राहतो?" मेथड्सवाले म्हणाले, कधी एक शिफ्ट, कधी दोन.

"आमच्याकडे हे जुलैत होतं," मी म्हटलं. "बाहेर पाऊस लागला की सुकवलेला कोअर रात्रीत परत ओल धरतो. ओतताना त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती लोखंडात शिरते. तुमचं रिजेक्शन महिन्याभरात वाढलंय का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रमुखांनी रजिस्टर मागवलं. ऑगस्टपर्यंत आकडे खाली होते, ऑक्टोबरच्या मध्यापासून चढले होते. ते मला काही बोलले नाहीत. तमिळमध्ये मेथड्सवाल्यांना बरंच काही बोलले. त्यानंतर आम्ही तिघं कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर गेलो आणि तासभर कोअरच्या रॅकपाशीच उभे होतो. मुलाखत संपली कधी, हे मला सांगता येणार नाही. वाळूचा ओला वास, चिपिंगची खडखड, सगळं शिरोलीसारखंच. फक्त रेडिओवर गाणी वेगळी.

पगाराचं बोलणं दहा मिनिटांत झालं. आठ दिवसांत कळवतो म्हणाले.

शेवटी अकाउंट्स. एका कोपऱ्यात वयस्कर गृहस्थ, टेबलावर टाचण्यांची डबी, भिंतीवर मुरुगन. मी पाकीट उघडलं. त्यांनी प्रिंट एकावर एक लावले, पीएनआर फॉर्मवर उतरवले. कोल्हापूर-मिरज पॅसेंजरचं तिकीट मी मागंच ठेवत होतो, पण त्यांनी ते ओढून घेतलं, कोऱ्या कागदावर मधोमध ठेवलं आणि टाचणीनं टाचलं. आयआरसीटीसीच्या पानाला जेवढा मान, तेवढाच त्या तिकिटाला.

मग रिक्षाचा कागद आला. त्यांनी चष्मा वर केला, वाचला, आणि पोट धरून हसायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवला, त्याही हसल्या. मी घाबरून विचारलं, काय लिहिलंय?

"लिहिलंय, रेल्वे स्टेशनपासून इथपर्यंत एकशेऐंशी रुपये मिळाले. साहेब चांगला माणूस आहे, घासाघीस केली नाही." हसू आवरून ते म्हणाले, "करायला हवी होती. एकशेवीस होतात."

मी म्हटलं, मग एकशेवीसच लावा, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली आणि एकशेऐंशी लिहिले. "व्हाउचरवर जे आहे ते." प्रवासातल्या जेवणाचा कॉलम कोरा पाहून त्यांनी कारण विचारलं. घरचा डबा होता, म्हणालो. हॉटेलात बिल मागायची लाज वाटली, हे सांगितलं नाही. "डब्याला पण धान्य लागतंच," म्हणून त्यांनी रोजचा ठरलेला भत्ता दोन्ही बाजूंचा धरला. सही केली. साडेतीन-चार हजारांच्या दरम्यानचा आकडा झाला. पैसे आठवडाभरात खात्यात.

मला त्या टेबलाचा पाठिंबा फार मोठा वाटला. मुलाखतीत माणूस आपलं ज्ञान मांडतो, ते ठीक. पण माझ्या दोन दिवसांना किंमत आहे, हे त्या टाचणीनं मला सांगितलं.

दुपार मोकळी होती. अविनाशी रोडवर जी. डी. नायडूंचं संग्रहालय पाहिलं. हा माणूस शाळेत फारसा टिकला नाही. मोटारसायकल घ्यायची म्हणून हॉटेलात काम करून पैसे साठवले. घेतली, आणि खोलून परत जोडली. 1920 साली पोल्लाची ते पळणी अशी एक बस सुरू केली, तिचा पुढं मोठा ताफा झाला. 1937 साली देशातली पहिली विजेची मोटर इथं बनली, त्यातही त्यांचा हात. निलगिरीतल्या पायकारा प्रकल्पाची वीज 1930 च्या दशकात खाली आली आणि त्यावर कापडगिरण्या नि पंप दोन्ही वाढले. मला आमचं उद्यमनगर आठवत होतं. म्हादबा मेस्त्रींसारखे लोक, शिक्षण बेताचं, हातात कसब अफाट. शेताला पाणी हवं होतं म्हणून कोल्हापुरानं ऑइल इंजिनं केली आणि कोइमतूरनं मोटरपंप. इकडे वीज लवकर पोचली, आपल्याकडे डिझेलवर भागवावं लागलं. माझ्या मते दोन गावांत फरक असेल तर तो एवढाच.

संध्याकाळी गांधीपुरमला क्रॉस कट रोडवर गेलो. बायकोची एकच मागणी होती, वेट ग्राइंडर. कोइमतूरच्या ग्राइंडरला जीआय आहे, हे तिला माझ्याआधी माहीत. दोन लिटरचा घेतला. आत खराखुरा दगड. दुकानदार म्हणाला, वजन काहीच नाही. पहिल्या शंभर पावलांतच कळलं की दुकानदाराला ते उचलावं लागत नाही.

रात्री विटेकरांचा फोन, जेवायला याच. राजा स्ट्रीटच्या मागं दोन खोल्या, खाली भट्टी, वर संसार. भाकरी, झुणका, आणि वाटीत रसम. "रसमशिवाय आता पोरांचं भागत न्हाय," वहिनी म्हणाल्या. उठताना गृहस्थ जिन्यापर्यंत आले. "आला तर खोली बघून ठेवतो. पण एक सांगतो पाव्हणं, पयलं वरीस लई लांब असतं."

शनिवार

पहाटे पावणेसहाची उदय. ग्राइंडर पायांमध्ये. दुपारी बंगळूर, रात्री राणी चन्नम्मापर्यंत दहा तास. ग्राइंडर क्लोकरूममध्ये ठेवायला घेऊन गेलो तर हमालानं उचलून बघितला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. त्याचं भाषांतर मागितलं नाही. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

रविवार

दुपारी मिरज, संध्याकाळी घर. बायकोनं खोकं उघडलं, मुलीनं दगड हातानं फिरवून पाहिला. दादा मात्र पाकीट घेऊन पलंगावर बसले. चष्मा लावला, जुनी वही काढली, आणि वे-बिल भरावं तसं सगळं ओळीनं मांडलं. गाडी, तारीख, रक्कम. कंपनीनं दिलेल्या फॉर्मच्या कॉपीवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. रिक्षाच्या कागदाची गोष्ट सांगितली तेव्हा हसले, पण बोट आकड्यावरून हललं नाही.

"भत्ता धरलाय व्हय? बरं." पुन्हा वरपासून खालपर्यंत बेरीज. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बंगळूरला सामान कुठं ठेवलंतास?"

"क्लोकरूममध्ये."

"फुकाट?"

"वीस रुपये. पावती होती, फॉर्मवर लावायची राहिली."

दादांनी वहीत 'क्लोकरूम २०' असं लिहिलं, पुढं फुली मारली आणि वही मिटली. आतून बायकोनं हाक मारली, ग्राइंडरची पिन सॉकेटात बसत नाही म्हणून.